कोळशावरची गाडी

"हात धुतलेस का गं सुंदरे? का तसेच कोळशाचे हात घालून आमाला वाढनार हायस?" इंदूबाई म्हणाली, आणि पडवीत बसलेल्या पुरुषमाणसांना नीट ऐकू जाईल अशा बेताने म्हणाली.

सुंदराने हात धुतले होते. आधी राखेने घासून, मग लिंबाची साल चोळून धुतले होते. पण दोन वर्षं रोज पहाटे कोळसा फोडणाऱ्या आणि चाळणाऱ्या बाईचे हात दसरा आहे म्हणून उजळत नाहीत. नखांच्या कडांना आणि तळव्याच्या भेगांत काळं बसलं होतं ते बसलंच होतं. रेल्वेच्या चाळीत नळाखाली भांडी विसळणाऱ्या थोरल्या जावेला हे कोण समजावणार!

"धुतलेत जाऊबाई," ती म्हणाली. "ह्यो रंग आता माझ्यासंगंच जाईल. तुमाला चालत नसंल तर पान उचला आन मोटारीत बसून जेवा. पर ती बी ह्याच हातानं चालते."

पडवीत हिरामण हसला. तो इंदूबाईचा नवरा, घरातला थोरला. त्याच्या शेजारी बसलेला धाकटा सहदेव, सुंदराचा नवरा, हसला नाही आणि रागावलाही नाही. तो खिरीत बोट फिरवत बसला होता. सकाळपासून हा माणूस असाच बसला होता आणि सुंदराला तेच खुपत होतं. बायकोला कुणी बोललं तर नवऱ्याने निदान मान तरी वर करावी.

"सणाच्या दिशी तोंडं आवरा गं दोघी," सासू गोदाबाई देवघरातून म्हणाली. "दुपारी शिवेपार जायचं हाय. मंग काय भांडायचं ते भांडा."

शिवेपार जायचं होतं, आणि सगळं त्यावरच ठरायचं होतं.

मोटार अंगणात उभी होती. झेंडूच्या माळा, आंब्याची डहाळी, टपावर आपट्याचा भारा. गोदाबाईचा नवरा नामा याने ती आणली त्याला आता बरीच वर्षं झाली होती. त्याआधी तो कर्जत स्टेशनापासून खालापूरच्या कचेरीपर्यंत कोर्टाच्या तारखेची माणसं छकड्यातून न्यायचा. एके दिवशी त्याने बैल विकले, छकडे विकले आणि मुंबईहून ही जुनी मोटार घेऊन आला. सगळ्या कर्जताने त्याला वेड्यात काढलं, आणि वर्षभरात तेच कर्जत त्याच्या मोटारीत जागा धरायला पहाटे रांगेत उभं राहू लागलं. लढाई सुरू झाली त्या साली नामा गेला. परमिट कुणाच्या नावावर करायचं यावरून दोघा भावांचं जमेना, म्हणून ते गोदाबाईच्या नावावर झालं. मग हिरामण रेल्वेत चिकटला. त्याला टोपी मिळाली, पगार मिळाला, रेल्वेच्या दुकानातलं धान्य मिळू लागलं. सहदेव स्टिअरिंगवर राहिला.

आणि मग पेट्रोलला कुपनं आली. कुपनावर मिळायचं ते पेट्रोल गाडीला कसंबसं चौक गावापर्यंत न्यायचं आणि तिथून हात जोडायचं. आसपासच्या एकेकट्या मोटारवाल्यांनी मोटारी गवताखाली झाकून ठेवल्या. एकाच्या मोटारीत तर कोंबड्या अंडी घालू लागल्या. सहदेवही झाकायलाच निघाला होता. सुंदराने झाकू दिली नाही. पुण्याकडच्या गाड्या कोळशाच्या गॅसवर चालतात असं तिने स्टेशनवर ऐकलं होतं. ती नवऱ्याच्या मागे लागली, गळ्यातलं विकलं, आणि गाडीच्या पाठीला तो गॅसचा सांगाडा बसवून घेतला. माणसाएवढी लोखंडी टाकी, तिच्यात कोळसा, तळाशी विस्तव, बाजूला हाताने फिरवायचा पंखा. कोळशाचा गॅस नळीतून एका पिंपात जायचा. पिंपात काथ्या आणि कापड ठासून भरलेलं असायचं. तिथे राख गाळली जायची आणि स्वच्छ गॅस पुढे इंजिनात. गाडी घोटभर पेट्रोलवर सुरू करायची आणि जरा पळू लागली की खटका फिरवून गॅसवर घ्यायची.

टाकी पेटवायला माणूस ठेवायची ऐपत नव्हती, म्हणून सुंदरा पेटवू लागली. कोंबडा आरवायच्या आत उठायचं, राख काढायची, कोळसा भरायचा, पंखा फिरवत बसायचं. तिच्या एकाही लुगड्याचा पदर ठिणग्यांच्या भोकांवाचून राहिला नव्हता. पहिल्या पावसाळ्यात गाडी रस्त्यात इतक्यांदा बंद पडली की पोरं तिला 'बसकी म्हैस' म्हणू लागली. सुंदराला ते ऐकू यायचं. ती दात-ओठ खाऊन पंखा फिरवत राहायची.

वैशाखात, आखाजीला, हिरामणने घरात विषय काढला होता. पनवेलचा एक शेठ, पुष्कळ गाड्यांचा धनी, त्याला कर्जत-चौक-खालापूर ही लाईन हवी होती. तो गाडी घ्यायला आणि सहदेवला पगारी ड्रायव्हर ठेवायला तयार होता. खूप आरडाओरडा झाला. शेवटी गोदाबाईनेच तोडगा काढला. "दसऱ्याला समद्यांना घेऊन गाडी शिवेपार गेली, तर ती आपली. नाय गेली, तर तिचा आन आपला संबंध संपला. मी अंगठा देऊन मोकळी होईन." हा नामाचाच रिवाज होता. आधी छकड्यातून आणि मग मोटारीतून तो सगळ्या घराला घेऊन सीमोल्लंघन करायचा आणि मगच दुसऱ्या दिवशी उतारू घ्यायचा. गोदाबाईला तो देवाचा कौल वाटायचा. सुंदराने तेव्हा आनंदाने मान डोलावली होती. आदल्या वर्षीच्या गणपतीपासून गाडीने एक दिवस खाडा केला नव्हता. हरायची भीतीच नव्हती.

"शेठ सांजंला येनार हायत," हिरामण पाण्याचा तांब्या खाली ठेवत म्हणाला. "सुंदरा, मी तुझा वैरी नाय. जरा इचार कर. गाडी बिघडली तर शेठ बघंल. टायर गेला तर शेठ बघंल. तुमाला काय? महिना भरला की पगार. माझ्याकडं बघ. मला कुनी रस्त्यात अडवतो?"

"तुमाला कुनी अडवत नाय भावजी, कारन तुमाला कुठं जायचं हे बी दुसराच ठरवतो," सुंदरा म्हणाली. "भर रस्त्यात एकादी बाळंतीन हात करून उभी ऱ्हायली, तर आमी गाडी थांबवतो. शेठची गाडी थांबंल? टायम चुकला म्हून शेठ आमच्या डायवरला घरी बसवंल. आमचं वाईट असंल, पर आमचं आमी केलेलं हाय."

"बोलायला बरं वाटतं. दोन वरसांत अंगावर धड लुगडं नाय तुझ्या."

"माझ्या लुगड्याला भोकं हायत, पर त्याची मला लाज नाय," सुंदरा म्हणाली.

"अवो, तुमी तरी बोला काय," ती सहदेवकडे वळून म्हणाली.

सहदेवने पानावरून बोट उचललं. "बघू. गाडी शिवेपार जाऊ दे आधी," एवढं म्हणून तो हात धुवायला उठला. सुंदराच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण गोदाबाई देवाला नमस्कार करून बाहेर येत होती, म्हणून ती पानं उचलायला लागली.

दुपार कलली तशी तिने टाकी पेटवली. पंखा फिरवला. टाकीतून निघणाऱ्या नळीच्या तोंडाशी काडी लावली तर निळसर जाळ धरला, म्हणजे गॅस चांगला होता. तिला बरं वाटलं. एवढ्यात कोंडाण्याच्या वरच्या वाडीतला कमळ्या ठाकूर आणि त्याची बायको चिमा आपट्याची पानं घेऊन अंगणात आली. गाडीला लागणारा कोळसा हीच दोघं पाडायची. सुंदराने त्यांना आग्रहाने गाडीत बसवलं. इंदूबाईने आपलं नवं लुगडं आवरून घेतलं आणि आपल्या पोरांना खिडकीकडे सरकवलं. चिमा ते बघून न बघितल्यासारखं करून मागच्या फळीवर बसली.

गाडी घोटभर पेट्रोलवर सुरू झाली. गोदाबाई पुढे सहदेवच्या शेजारी, मांडीवर नामाची जुनी काठी घेऊन. कर्जताचं घर मागे पडलं, चौकाचा रस्ता लागला. दोन्ही अंगांना भात निसवून पिवळं होत आलं होतं. रस्त्याने पायी शिवेकडे निघालेली माणसं बाजूला होऊन हात करत होती. पुढे चढ होता, चढ संपला की शिवेवरचा आपटा. सहदेवने खटका फिरवून गाडी गॅसवर घेतली.

गाडीने दोन गचके दिले, खोकली, आणि थांबली.

सहदेवने पुन्हा सुरू केली. पेट्रोलवर नीट चालली. गॅसवर घेतली की पुन्हा तेच. तिसऱ्यांदा तर पेट्रोलवरही सुरू होईना. पेट्रोलचा घोट संपला होता. पोरं आधी हसली, मग आईचा चेहरा बघून गप्प झाली. पायी चाललेल्या माणसांतून कुणी तरी ओरडलं, "बसली रं म्हैस!" आणि रस्ताभर खसखस पिकली.

गोदाबाईने काठीवरची मूठ घट्ट केली. कौल मिळाला असं ती समजली, हे सुंदराला तिच्या पाठीकडे बघूनच कळलं.

"संपलं," हिरामण खाली उतरत म्हणाला. त्याने दोन्ही हात झटकले. "आये, चल. चालत जाऊ शिवेपार. सांजंला शेठना हो म्हून सांगू."

"थांबा," सुंदरा म्हणाली.

"आता काय थांबायचं? ह्या ठाकराचा कोळसा ओला असनार. सनासुदीला दारू पिऊन भट्टी अर्धीच लावली असंल."

कमळ्या खाली उतरला. त्याने हिरामणकडे बघितलं नाही, सुंदराकडे बघितलं. "मी नाय केलं बाय तसं," एवढंच म्हणाला. चिमाचा चेहरा मात्र रागाने लालबुंद झाला होता.

सुंदराने टपावरची गोणी ओढून काढली, तोंड सोडलं आणि मूठभर कोळसा रस्त्यावर आपटला. तो खणखणीत वाजून फुटला. तिने तुकडे उचलून हिरामणच्या हातात दिले. "हात लावून बघा. ओला हाय? ऐनाचा कोळसा हाय, पुरा जळलेला. कालच मी सोता जाऊन कोंडान्याच्या वाटंवरनं घेऊन आले. पुन्हा माझ्या मानसाला दारुड्या म्हनू नका, भावजी. तुमी थोरले हायत म्हून ऐकून घेतलं."

हिरामणच्या पांढऱ्या सदऱ्याला काळं लागलं. कोळसा सुका होता हे त्याच्या हातालाच कळलं होतं.

मग खोट कुठे? टाकीत विस्तव होता. पंखा फिरत होता. गॅस धरत होता. राहिलं फक्त ते पिंप. सुंदराने मागच्या फळीखालून पाना काढला, पिंपाच्या झाकणाचे चारही नट सोडवले आणि झाकण उचललं. आतून गढूळ पाण्याचा वास आला. तिने हात घातला. काथ्या ओला गच्च, कापड चिंब, आणि त्यावर बसलेल्या राखेचा चिखल. अशा गाळणीतून गॅस जाईल कसा? आणि पिंपाच्या आतल्या काठाला हळदीकुंकवाची बोटं उठलेली.

"ह्ये कुनी केलं?" ती ओरडली. आवाज इतका चढला की झाडावरची पाखरं उडाली.

"काय झालं गं?" गोदाबाई खाली उतरली. तिने पिंपात डोकावलं आणि तिचा चेहरा उजळला. "अगं, मीच धुतलं ते. काल खंडेनवमी व्हती ना! तुझा सासरा व्हता तवापासून समदी हत्यारं मी धुती. आधी छकड्याची चाकं धुवायची, मंग मोटार. त्यो काथ्या किती मळला व्हता, काळाकुट्ट! दोन पान्यातनं काढला, हळदकुंकू लावलं, परत भरून ठेवला. तुझं काम हलकं केलं म्हटलं."

म्हातारी कौतुकाने सांगत होती. तिने नवऱ्याच्या मोटारीला आंघोळ घातली होती. वर्षाच्या सणाला कोण हत्यार मळकं ठेवतो? तिला कुणी सांगितलंच नव्हतं की त्या काथ्याला पाण्याचा थेंब चालत नाही. सुंदरा काल दुपारभर कोळशासाठी बाहेर होती. तिच्या रागाला जागाच उरली नाही. देवभोळ्या सासूवर रागवायचं तरी कसं? तिचे डोळे भरून आले, आणि डोळे पुसायला हात उचलताना हातातला पाना तिच्या कपाळाला लागला.

ती थबकली. पान्याकडे बघत राहिली.

"आत्याबाई," ती हळू आवाजात म्हणाली, "ह्ये झाकन तुमाला कसं उघडलं? ह्याला चार नट हायत. पान्याबिगर निघत नायत."

"सहदेवानं उघडून दिलं की. पानी बी त्यानंच आनलं घागरी भरून. मी काय इहिरीवर जाती व्हय ह्या वयात?"

सगळ्यांच्या माना सहदेवकडे वळल्या. तो अजून स्टिअरिंगवरच बसला होता.

सुंदरा त्याच्या दाराशी गेली. "उतरा खाली."

तो उतरला.

"तुमाला ठावं व्हतं. पावसात झाकन गळलं व्हतं तवा गाडी कशी मेली, ते तुमीच मला दाखवलं व्हतं. तरी पानी दिलंत?"

"आई एवढ्या भावानं धूत व्हती. नको कसं म्हनू?"

"खरं बोला! आज दसरा हाय, समोर तुमची आई हाय. खरं बोला!"

सहदेवने कपाळावरचा घाम पुसला. आणि मग तो असा फुटला की पोरं आईच्या पदराआड गेली.

"व्हय! दिलं! मुद्दाम दिलं! आन काय करू? तुला सांगून तू ऐकनार व्हतीस? रोज उठून हीच लढाई. ट्यूब मिळत नाय म्हून टायरमधी पेंढा भरायचा, लष्कराच्या लारीला वाट द्यायला गाडी चिखलात घालायची, शिपायाला हात जोडायचे, उतारूच्या शिव्या खायच्या. रात्री झोपंत बी मी खटका फिरवतो. माझे हात बघ, थरथरतात. हिरामन नुस्ता झेंडा दाखवतो आन घरी येऊन झोपतो. मला झोप पायजे. मला नाय व्हायचं मालक! बा मालक व्हता, त्याला हौस व्हती. मला कधी कुनी इचारलं?"

रस्त्यावरची माणसंही आता हसत नव्हती. सुंदराने नवऱ्याचे हात बघितले. ते खरंच थरथरत होते. हे तिने याआधी का बघितलं नव्हतं? बघितलं असतं तर तिला दया आली असती का? कदाचित आली असती. पण आता तिच्या अंगात दयेला जागा नव्हती.

"मला सांगायचंत," ती म्हणाली. "अंथरुनात सांगायचंत, चुलीपाशी सांगायचंत. मी भांडले असते, रडले असते, चार दिवस तुमच्याशी बोलले नसते. पर तुमी काल पहाटं मला उठवून पंखा फिरवायला लावलात आन दुपारी त्याच गाडीत पानी वतलंत. आज दुपारी मी पेटवत व्हते तवा तुमी समोर उभे व्हता. तुमाला हसू येत व्हतं का?"

"हसू नाय गं," सहदेव म्हणाला.

"आन मी?" गोदाबाई पुढे आली. तिचा आवाज इतका बारीक झाला होता की सगळ्यांना कान द्यावा लागला. "माझ्या हातानं? तुझ्या बापाची गाडी माझ्या हातानं मारवलीस? मी तिला कुंकू लावीत व्हते, आन तू घागर धरून बघत व्हतास?" आणि मग एकदम तिने काठी रस्त्यावर आपटली. "हिरामन! तुला ठावं व्हतं ह्ये?"

"देवाशपथ नाय, आये!" हिरामणचाही चेहरा उतरला होता, आणि मग तो भावावर उखडला. "मला तरी सांगायचंस रं! मी जे बोललो ते तिच्या तोंडावर बोललो. आईला फसवून काय गाडी विकायची व्हती मला? अशानं शेठसमोर मी कुठल्या तोंडानं उभा ऱ्हानार व्हतो? देवाचा कौल म्हून सांगनार व्हतो मी त्यांना!"

"सुंदरे," गोदाबाई वळून म्हणाली, "ही आता चालनारच नाय का?"

"चालंल. सुकं कापड पायजे, लांबलचक, सुती. आन काथ्या नाय तर गोनपाट चालंल. पेट्रोल पायजे दोन घोट."

"पेट्रोल हाय," सहदेव खाली बघत म्हणाला. "सीटखाली बाटली ठेवलीय."

"अस्सं! ती बी लपवून!" सुंदरा म्हणाली.

कमळ्याने न सांगताच कोळशाच्या दोन गोण्या रिकाम्या केल्या आणि चिमाने गोणपाट झटकून त्याच्या पट्ट्या फाडायला घेतल्या. कापडाचं काय? बायकांच्या अंगावरची लुगडी तर सोडता येत नव्हती. गोदाबाईने सगळ्यांवरून नजर फिरवली, आणि ती हिरामणच्या डोक्यावर येऊन थांबली. दसऱ्याचा नवा फेटा, पांढराशुभ्र, सुती.

"काढ," ती म्हणाली.

"आये!"

"काढ म्हन्ते ना!"

"अवो, काय तरी काय!" इंदूबाई ओरडली. "पैल्या दिसाचा फेटा त्यो! त्या काळ्या पिंपात घालनार?"

हिरामणने बायकोकडे बघितलं, आईकडे बघितलं. मग त्याने फेट्याचा शेव सोडला आणि वळसे उकलत तो सुंदराच्या हातात दिला. "घे," तो म्हणाला. "मला गाडी नको हाय, अजून बी नको हाय. पर हारायची तर सरळ हारू दे. असल्या पान्यानं नको."

सुंदराने गोणपाट दाबून बसवलं, त्यावर फेट्याच्या घड्या घातल्या, झाकण लावलं, नट आवळले. नवऱ्याने पाना घ्यायला हात पुढे केला. तिने दिला नाही. मग टाकीपाशी जाऊन ती पंखा फिरवू लागली. इतक्या जोराने की बांगडी फुटली आणि मनगटातून रक्त आलं. चिमाने तिचा हात बाजूला केला आणि स्वतः पंखा धरला.

"बसा स्टिअरिंगवर," सुंदरा सहदेवला म्हणाली. "आज दुसरं कुनाला येत नाय म्हून."

गाडी सुरू झाली. सहदेवने खटका फिरवला. गचका बसला, इंजिन घरघरलं, आणि घरघरतच राहिलं. चढावर ती दमली, पण थांबली नाही. पायी चाललेल्या माणसांना मागे टाकून, शिवेवरच्या आपट्याखालून, ती पलीकडे गेली. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. पोरांनी आरडाओरडा केला तो इंदूबाईने दटावून बंद केला. गाडीतल्या कुणालाच हसायला सुचत नव्हतं.

पलीकडे सगळी उतरली. गोदाबाईने मातीला हात लावून कपाळाला लावला, मग उभी राहून म्हणाली, "अंगठा मी देनार नाय. हिरामन, शेठला तसं सांग."

"सांगतो," हिरामण म्हणाला. त्याचं उघडं डोकं चमकत होतं. "पर आये, गाडी चालवनार कोन? हा तर नको म्हन्तो."

"नकोच हाय मला," सहदेव म्हणाला. आता त्याच्या आवाजात राग नव्हता, नुसता थकवा होता. "आये, तू मार, शिव्या दे. मी चूक केली. पर मालकी मला झेपत नाय. पनवेलला नाय तर दुसरीकडं कुठं पगारावर जाईन मी."

जिच्यासाठी एवढं भांडलं ती गाडी चालवायला घरात पुरुषमाणूस नाही, हे गोदाबाईला त्या क्षणी उमगलं. तिने सुंदराकडे बघितलं.

सुंदराच्या मनगटावरचं रक्त आता सुकलं होतं. तिला वाटत होतं, इथल्या इथे बसून मोठ्याने रडावं. नवऱ्यासाठी रडावं, त्याच्या थरथरणाऱ्या हातांसाठी आणि आपल्या दोन वर्षांसाठी. पण उद्या पहाटे स्टेशनवर खालापूरच्या तारखेची माणसं येऊन उभी राहणार होती. रडून ती गाडी सुटणार नव्हती.

"आत्याबाई, परमिट तुमच्या नावावर हाय," ती म्हणाली. "शिपायाला हात मी जोडीन. उतारूच्या शिव्या मी खाईन. टायर, कोळसा, कुपनं, समदं मी बघंन. तुमी फकस्त म्हना, गाडी सुंदरानं बघायची."

"बाईमानसानं?" इंदूबाई म्हणाली.

"तू गप," हिरामण बायकोला म्हणाला. का म्हणाला, ते त्याचं त्यालाही सांगता आलं नसतं.

"बघ," गोदाबाई म्हणाली. "तूच बघ. आजपासनं."

सहदेव आपट्याची पानं घेऊन बायकोपुढे आला. दसऱ्याला सोनं द्यायचं असतं. त्याला दुसरं काही सुचत नव्हतं. त्याने हात पुढे केला. सुंदराने पानांना हात लावला नाही.

"तुमाला पगार पायजे ना?" ती म्हणाली. "झोप पायजे, महिना भरला की पैसे पायजेत, बाकीची काळजी दुसऱ्यानं करायला पायजे. बरुबर?"

"व्हय," तो म्हणाला.

"मंग पनवेलला कशाला जाता? मला डायवर पायजे. उद्या पैल्या गाडीला या. गाडी मी पेटवून ठेवंन. आन पुन्हा तिच्या अंगावर मला न इचारता पान्याचा थेंब पडला, तर नवरा म्हून घरात ऱ्हाल, गाडीवर नाय."

सहदेव तसाच हात पुढे करून उभा राहिला. मग त्याने पानं खिशात ठेवली, गाडीपाशी गेला, आणि स्टिअरिंगच्या दाराला हात लावून थांबला.

"बसू का?" त्याने विचारलं.